यासुजिरो ओझू आणि श्रेष्ठत्वाचा वाद

जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट-दिग्दर्शक कोण, हा वाद मुळात काहीसा पोरकट आहे. तरीही तो घातल्यावाचून चित्रपटरसिकांना राहवत नाही. लंडनचे ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेत आले आहे. १९६२ ते २००२ या पाचही कौलांत ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ पहिला आला. २०१२ मध्ये दिग्दर्शकांच्या स्वतंत्र कौलात मात्र पहिले स्थान लाभले ते ‘टोकियो स्टोरी’ या १९५३ च्या जपानी चित्रपटाला. त्याचा कर्ता यासुजिरो ओझू याला जाऊन तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटले होते. हयातीत जपानबाहेर त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. कुरोसावाच्या ‘राशोमोन’ने १९५१ मध्ये व्हेनिस जिंकल्यावर पाश्चात्त्यांची दृष्टी वळली ती तलवारी आणि जुने दरबार यांच्याकडे. ओझूचे चटईच्या खोलीत घडणारे चित्रपट परदेशी प्रेक्षकाला उमगणार नाहीत, असे खुद्द त्याच्या मायदेशातील चित्रपटव्यवसायाला वाटे. पुढे हाच समज उलटा होऊन सर्वांत जपानी दिग्दर्शक अशी त्याची ख्याती झाली. प्रस्तुत लेखकाला ही ख्याती त्याच्या चरित्राशी जुळणारी वाटत नाही.

ओझूचा जन्म १२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोच्या फुकागावा भागात झाला. वडील खताचे व्यापारी. मुलांना त्यांनी मात्सुसाका या आपल्या मूळ गावी ठेवले आणि स्वतः व्यापारासाठी राजधानीतच राहिले. शाळेपेक्षा चित्रपटगृहात रमणाऱ्या या मुलाने एक वर्ष डोंगराळ खेड्यात मास्तरकी केली आणि १९२३ मध्ये शोचिकू कंपनीत साहाय्यक छायालेखकाची नोकरी धरली. १९२७ चा पहिला चित्रपट हा त्याचा एकमेव ऐतिहासिक कथापट. तो आज नष्ट झाला आहे. त्याचे खरे शिक्षण झाले ते अमेरिकन मूकपटांवर. लुबिच आणि हॅरॉल्ड लॉइड हे त्याचे गुरू. त्याच्या आरंभीच्या चित्रपटांतील खोल्यांच्या भिंतींवर हॉलिवुडची भित्तिपत्रके लावलेली दिसतात. ‘आय वॉज बॉर्न, बट...’ (१९३२) मध्ये दोन भावंडे साहेबांपुढे विदूषकी चाळे करणारा आपला बाप पडद्यावर पाहतात आणि रुसून जेवणच सोडतात. हसू आणि लाज यांचे इतके अचूक मिश्रण साधणारे बोलपटही मोजकेच असतील. १९३२ पासून लागोपाठ तीन वर्षे ‘किनेमा जुनपो’ने त्याच्याच चित्रपटांना अग्रस्थान दिले.

सप्टेंबर १९३७ मध्ये त्याला सैन्यात बोलावणे आले. ओझूच्या शैलीवरील चर्चेत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकला जातो. विषारी वायूचे काम सोपविलेल्या तुकडीत तो चीनमध्ये सुमारे दोन वर्षे होता. त्याचा स्नेही आणि गुणी दिग्दर्शक सादाओ यामानाका १९३८ मध्ये तिथेच आजाराने, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. १९४३ मध्ये ओझूला पुन्हा धाडण्यात आले, या वेळी सिंगापूरला. काम होते सुभाषचंद्र बोस आणि त्यांची स्वातंत्र्यचळवळ यांवर एक प्रचारपट करण्याचे. ‘चलो दिल्ली’ या घोषणेवरूनच त्याचे नाव योजले होते. तो पुरा झाला नाही. हाताशी वेळ होता आणि जप्त केलेल्या अमेरिकन चित्रपटांचा साठाही. रात्रीमागून रात्री तो ते पाहत राहिला आणि त्यांत ‘सिटिझन केन’ही होता. ज्या दोन चित्रपटांना पुढे कौलात पहिला मान मिळायचा होता, त्यांपैकी एकाचा कर्ता शत्रूच्या गणवेशात दुसऱ्याचा प्रेक्षक झाला होता.

१९४६ च्या आरंभी तो मायदेशी परतला. ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) पासून पटकथाकार कोगो नोदा, छायालेखक युहारू आत्सुता, चिशू र्‍यू आणि सेत्सुको हारा यांच्यासमवेत त्याने जे चित्रपट केले त्यांवरच त्याची कीर्ती आज उभी आहे. जमिनीलगत ठेवलेला स्थिर कॅमेरा, एकच पन्नास मिलिमीटरचे भिंग, दृश्यांच्या मधे रिकामी माजघरे आणि वाळत घातलेले कपडे. पॉल श्रेडरने १९७२ मध्ये या शांततेचा संबंध झेनशी जोडला आणि ते विवेचन प्रमाण मानले गेले. मला त्यात एक उणीव दिसते. ‘टोकियो स्टोरी’तील वृद्ध जोडपे ओनोमिचीहून मुलांकडे येते, मुलांना सवड नाही. सवड काढते ती विधवा सून नोरिको, जिचा नवरा युद्धातून परतलेला नाही. तिच्या खोलीत त्याचे छायाचित्र आहे. तो कुठे, कोणासाठी मेला हे कोणी विचारत नाही. ही शांतता ध्यानाची नव्हे; बोलण्याचे टाळलेल्या पिढीची आहे, आणि ओझू त्या पिढीतलाच होता. चीनमधील दिवसांचा जाब त्याने पडद्यावर कधी दिला नाही. त्याच्या थोरवीची ही मर्यादा मान्य करावीच लागते, पण तीच बाजूला सारली तर त्याच्या रिकाम्या खोल्या केवळ सुंदर उरतात. शिवाय या सर्वांत जपानी चित्रपटाचे बीज नोदाने पाहिलेल्या मॅक्केरीच्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’ (१९३७) या अमेरिकन चित्रपटात आहे, हेही विसरता येत नाही.

मुलींच्या लग्नावर इतके चित्रपट करणारा ओझू स्वतः अविवाहित राहिला. आई हेच त्याचे घर. ‘अ‍ॅन ऑटम आफ्टरनून’ हा अखेरचा चित्रपट १९६२ चा. त्याच वर्षी आई गेली. कर्करोगाने १२ डिसेंबर १९६३ रोजी, साठाव्या वाढदिवशी, त्याचा अंत झाला. कामाकुराच्या एन्गाकुजी मंदिरातील त्याच्या समाधीवर नाव नाही. ‘मू’, म्हणजे शून्य किंवा अभाव, हे एकच अक्षर आहे. ‘टोकियो स्टोरी’ न्यूयॉर्कमध्ये व्यावसायिक रीतीने प्रदर्शित झाला तो १९७२ मध्ये.