शितावरून भाताची परीक्षा शास्त्रशुद्ध करणारे डॉ. पां. वा. सुखात्मे

रायपूरच्या गुढियारीसारख्या घाऊक बाजारात पोत्यातील मूठभर तांदूळ पाहून साऱ्या मालाचा भाव ठरवला जातो. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. मात्र ती मूठ केवळ वरच्या थरातील असेल, तर व्यापारी फसतो. व्यापाऱ्याचे नुकसान त्या सौद्यापुरतेच राहते. देशाच्या धान्याचा अंदाज असाच चुकला, तर त्याची किंमत उपाशी माणसांना मोजावी लागते. नमुन्यावरून निष्कर्ष कसा काढावा, या प्रश्नाला आयुष्य वाहिलेले संख्याशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांचा गृहीतकाच्या कसोटीविषयीचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. अशा कसोटीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. खरे गृहीतक नाकारले जाणे ही पहिली आणि खोटे गृहीतक स्वीकारले जाणे ही दुसरी. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर चांगला माल परत पाठवणे आणि खराब माल ठेवून घेणे. नमुना तेवढाच ठेवून एक चूक टाळू पाहिली, की दुसरी वाढते. म्हणून कोणती चूक अधिक महागात पडेल, हे आधी ठरवावे लागते. या विचारांच्या सहवासात सुखात्मे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज प्रामुख्याने नजर आणेवारीवर बांधला जाई. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि धान्याच्या भरवशाच्या आकड्यांची निकड प्रकर्षाने जाणवली. गावे, शेते आणि शेतातील तुकडा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेवढ्याच पिकाची कापणी व वजन करण्याची पद्धत सुखात्मे यांनी विकसित केली.

तुकडा केवढा असावा, यावर त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी मतभेद झाला. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूने होते. लहान तुकड्यात कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखवले. ही चूक एकाच दिशेने होत असल्याने तुकड्यांची संख्या वाढवूनही ती जात नाही. अखेर मोठ्या तुकड्यांची पद्धत देशभर रूढ झाली.

१९५० च्या दशकाच्या आरंभी ते रोम येथील संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. जगातील दोनतृतीयांश लोक भुकेले असल्याचे त्या काळी मानले जाई. १९६१ मधील निबंधात सुखात्मे यांनी अपुरा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के, तर भूक किंवा कुपोषण यांपैकी कशाने तरी ग्रासलेल्यांचे प्रमाण निम्म्यापर्यंत असल्याचा अंदाज मांडला. भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले.

निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले आणि नवा वाद उभा राहिला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये रोजच्या २,२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्य मोजले होते. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो, कारण एकाच माणसाची गरजही बदलत असते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. म्हणून मर्यादा सरासरीच्या बरीच खाली असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे खरे भुकेलेही पोटभर जेवणाऱ्यांत गणले जातील, अशी टीका झाली. मुद्दा त्या दोन चुकांचाच होता; फक्त आता पारड्यात माल नव्हता, माणसे होती. शरीर कमी आहाराशी जुळवून घेते, हे त्यांचे गृहीतक पोषणतज्ज्ञांनी सर्वसाधारणपणे स्वीकारले नाही. मात्र भुकेल्यांची संख्या मोजण्याच्या जागतिक पद्धतीचा पाया १९६१ च्या त्या निबंधाशी जोडला जातो.

२८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने केंद्र सरकारतर्फे संख्याशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. महाराष्ट्रातील सोयाबीन असो वा छत्तीसगडमधील भात, पीक विम्याच्या भरपाईसाठी आजही पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. गावातील मोजक्या तुकड्यांचे वजन चुकले, तर संपूर्ण गावाचा हिशेब चुकतो.