चुकलेल्या नेमाची किंमत गावाला : जिम कॉर्बेट यांची कहाणी

शेतकरी बंधूंनो, हंगाम भरात आला की रानडुकरांच्या तक्रारी सुरू होतात. भुईमूग उकरला, मका आडवा केला, ऊस चघळून टाकला. मग पारावर बसून कोणीतरी हळूच विषय काढतो की एक बार टाकून बघावा, लागला तर लागला. या ‘लागला तर लागला’ वृत्तीने काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर जिम कॉर्बेट या माणसाचं आयुष्य माहीत करून घ्या. शिकारी म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. पण दुसऱ्यांनी अर्धवट मारलेल्या जनावरांचा हिशेब मिटवण्यात या माणसाची निम्मी हयात गेली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात मुलांचं लेंढार, आणि जिम लहान असतानाच वडील वारले. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असं कुटुंबाचं फिरतं बिऱ्हाड होतं. कालाढुंगीला घराला लागूनच जंगल. गलोल आणि धनुष्यबाणापासून सुरुवात करून पोरगा बंदुकीपर्यंत आला. पहिली बंदूक ठासणीची, दोननळी, पण त्यातली एक नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. दारू आणि शिसे जपून वापरावे लागे. त्यामुळे जनावर जवळ येईपर्यंत थांबायचं आणि खात्री असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, ही सवय लहानपणीच लागली. पुढे त्यांना पॉइंट 450 ची मार्टिनी रायफल वापरायला मिळाली आणि तिनेच त्यांनी पहिला बिबट्या मारला.

शिक्षण फार झालं नाही. घरची ओढाताण म्हणून विशीच्या आत बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. नंतर बिहारात मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचा ठेका घेतला. रुंद रुळाच्या गाडीतला माल गंगा ओलांडून अरुंद रुळाच्या गाडीत भरायचा, असं ते काम. मजुरांच्या बरोबरीने राबत त्यांनी तिथे वीस वर्षांच्या वर काढली. म्हणजे हा माणूस पोटासाठी शिकारी नव्हता, हे आधी ध्यानात घ्या.

1907 साली कुमाऊंमधल्या चंपावतच्या वाघिणीसाठी त्यांना बोलावणं आलं. या वाघिणीने नेपाळात 200 माणसं मारली होती. तिथून हुसकावल्यावर कुमाऊंत चार वर्षांत आणखी 236, एकूण 436. कॉर्बेट यांनी सरकारला दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेलं बक्षीस रद्द करा आणि बाकीचे सगळे शिकारी माघारी बोलवा. पैशासाठी मारणारा म्हणून त्यांना नाव नको होतं, आणि झाडीत दुसऱ्या कोणाची गोळी लागून मरायचंही नव्हतं.

पाली गावात पोचले तेव्हा लोक पाच दिवस दार लावून घरात बसलेले. पीक कापणीला आलेलं, पण शेतात जायची कोणाची छाती नव्हती. कॉर्बेट यांनी समोरच्या कड्यावरच्या तीन घोरल, म्हणजे रानबकऱ्यांसारखी जनावरं, लांबून टिपून दाखवली, तेव्हा कुठे गावाचा त्यांच्यावर विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी ते रायफल घेऊन पहाऱ्याला उभे राहिले आणि माणसं सहकुटुंब शेतात उतरली. संध्याकाळपर्यंत गावालगतचं बहुतेक पीक कापून झालं. पीक डोळ्यांदेखत वाया चाललंय आणि शेतात जाता येत नाही, हे दुःख तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढे चंपावतजवळ एका मुलीचा बळी गेला आणि वाघीण एका दरीत असल्याचं नक्की झालं. हाका घालायला माणसं हवी होती. इथे तिथल्या तहसीलदारांचं काम महसूल खात्यातल्या मंडळींनी वाचण्याजोगं आहे. त्यांनी जाहीर केलं की हाक्याला येणाऱ्यांच्या विनापरवाना बंदुकांकडे आपण काणाडोळा करू आणि ज्याला लागेल त्याला काडतुसंही देऊ. मग काय, 298 माणसं जमली! घरोघरी लपवलेल्या बंदुका त्या दिवशी बाहेर निघाल्या.

हाका सुरू झाला. वाघीण बाहेर पडली, तहसीलदारांचे दोन बार हुकले, ती मागे वळली. कॉर्बेट यांच्या पॉइंट 500 रायफलीसाठी सोबत फक्त तीन काडतुसं होती. पहिली गोळी पळत्या वाघिणीमागे झाडली ती वाया गेली. दुसरी लागली, पण जरा मागे बसली. तिसरी फऱ्याला लागली. दोन्ही गोळ्या अंगात घेऊनही वाघीण उभीच! रायफल रिकामी. कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेले, त्यांची बंदूक घेतली आणि जवळून तोंडावर नेम धरला. ती बंदूक इतकी खिळखिळी होती की गोळी तोंड सोडून पंजाला लागली. वाघीण कोसळली ती आधीच्या जखमांनी.

आता मुख्य मुद्दा. मेलेल्या वाघिणीचा जबडा उघडून पाहिला, तर उजव्या बाजूचे दोन्ही सुळे मोडलेले. वरचा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत गेलेला. हे काम जुन्या गोळीचं होतं. कधीकाळी कोणीतरी बार टाकला होता, तो तोंडाला चाटून गेला आणि वाघीण जगली. पण त्या जबड्याने नेहमीची शिकार पकडणं तिला जमेना. तेव्हा ती वळली माणसाकडे, कारण माणूस सगळ्यांत सोपा. एका चुकलेल्या नेमाचं बिल 436 घरांनी भरलं. बार टाकणाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

इथे गोळी काय काम करते ते थोडं समजून घेऊ. मोठं जनावर आवाजाने मरत नाही आणि नुसत्या भोकानेही लगेच मरत नाही. अमेरिकेतलं एल्क हरीण असो, आपलं सांबर असो की वाघ असो, गोळी फऱ्यामागे काळीज आणि फुफ्फुसांपर्यंत पोचली पाहिजे. संपूर्ण धातूचं कवच असलेली गोळी आरपार जाते आणि बारीक भोक पाडते. जाड हाड फोडायला ती बरी, पण तेवढ्याने जनावर जागेवर बसेलच असं नाही. टोकाला शिसे उघडं असलेली गोळी आत शिरल्यावर आळंबीसारखी फुलते आणि रुंद जखम करते. मात्र ती फार मऊ असेल आणि फार वेगात जवळून हाडावर आदळली, तर वरच्यावर फुटते. जखम मोठी दिसते, पण खोल जात नाही. ठासणीच्या बंदुकीतला शिशाचा गोळा किंवा लोखंडाचे तुकडे यांना तर पुरेसा वेगच नसतो. ते मांसात अडकून बसतात आणि जखम चिघळते. छर्रे लांबवर जाईपर्यंत विखुरतात, त्यातले दोन-चार लागतात आणि जनावर ते घेऊन पळतं. पोटात लागलेलं जनावर तर कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडतं.

कॉर्बेट यांना हे पक्कं ठाऊक होतं. चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना पॉइंट 275 ची रिग्बी रायफल भेट दिली. हलकी आणि नेमाला बिनचूक. तिच्या 140 ग्रेनच्या गोळीचं वजन जेमतेम 9 ग्रॅम. दुसरी त्यांची जड दोननळी, पॉइंट 450/400 ची, तिची गोळी सुमारे 26 ग्रॅमची. रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र त्यांनी हलक्या रायफलीनेच मारला. केदारनाथ-बद्रीनाथची यात्रा केलेल्यांनी रुद्रप्रयाग पाहिलंच असेल. त्या वाटेवर 1918 पासून आठ वर्षांत या बिबट्याने 125 माणसं मारली होती. 1926 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, गुलाबराय इथे आंब्याच्या झाडावर रात्री बसून, एका गोळीत त्यांनी त्याला संपवलं. म्हणजे गोळी केवढी मोठी यापेक्षा ती कुठे बसते, हे महत्त्वाचं. या बिबट्याच्या मागच्या पायावरही जुन्या गोळीची खूण निघाली.

1938 साली मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरही बंदुकीच्या जुन्या जखमा सापडल्या. सगळेच नरभक्षक गोळीमुळे झाले असं मात्र नाही. मुक्तेसरच्या वाघिणीचा साळिंदराशी झालेल्या झटापटीत डोळा गेला होता आणि अंगात काटे रुतून बसले होते. पण जखम गोळीची असो की काट्याची, धडधाकट वाघ सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, असं कॉर्बेट यांचं अनुभवाचं मत होतं. आणि जखमी केलेलं जनावर तसंच सोडून घरी येणं त्यांना पाप वाटे. रक्ताचा माग काढत ते पायी, बहुधा एकटेच, झाडीत शिरत.

शेतकरी म्हणून त्यांची बाजू तर आपल्याला जास्त जवळची. 1915 च्या सुमारास त्यांनी कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी गावची जमीन घेतली आणि तिथे कुळं वसवली. रानडुकरं आणि हरणं पिकात घुसत. त्यावर त्यांनी काय केलं? रोज बार टाकत बसले नाहीत. गावाभोवती सहा फूट उंचीची दगडी भिंत घातली. त्याला कित्येक वर्षं लागली, पण पीक वाचलं. एवढा नेमबाज माणूस, आणि पिकासाठी भरवसा ठेवला तो भिंतीवर, हे विसरू नका.

पहिल्या महायुद्धात 500 कुमाऊंनी गड्यांची तुकडी घेऊन ते फ्रान्सला गेले. परत आल्यावर हळूहळू त्यांच्या हातात बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. हौसेची शिकार त्यांनी सोडली, फक्त नरभक्षकापुरती बंदूक उचलली. 1936 साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, त्यासाठी ते झटले. 1944 साली नरभक्षकांवरचं त्यांचं पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईहून काढलं आणि ते जगभर गेलं. 1947 च्या नोव्हेंबरात ते बहिणीसह केनियाला गेले. मात्र छोटी हल्द्वानीच्या कुळांना जमिनी देऊन टाकल्या आणि मरेपर्यंत तिथला शेतसारा स्वतः भरत राहिले. 19 एप्रिल 1955 रोजी न्येरी इथे त्यांचं निधन झालं. पुढे त्या उद्यानाला त्यांचं नाव देण्यात आलं, आणि 1973 साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली.

आता आपल्यापुरतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरावरसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. पीक किंवा जनावर गेलं तर त्याच दिवशी वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांना कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या. शिवारात लंगडणारा बिबट्या किंवा रक्ताळलेलं डुक्कर दिसलं, तर मागे धावू नका आणि गोष्ट दडवूही नका. पोलीस पाटलांनी ती खबर लगेच वनखात्याला द्यावी. जनावर जखमी कोणी केलं याची चौकशी नंतर होईल. आधी शाळेत जाणारी पोरं आणि पहाटे दारं धरायला जाणारा माणूस सुखरूप राहिला पाहिजे.