खाशाबांचा हुकलेला अर्धा तास

टर्फचा स्लॉट एक तासाचा असतो. त्यातली दहा मिनिटं ट्रॅफिक खातो, मग आपण बूट घालतो आणि थेट बॉलच्या मागे पळत सुटतो. जिममध्येही तसंच. बॅग ठेवली की सरळ बेंच प्रेस! वॉर्मअप म्हणजे आपल्या लेखी स्किप करायची जाहिरात. तुमचंही असंच चालत असेल, तर गोळेश्वरच्या एका पैलवानाची गोष्ट वाचाच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरातच होती. शाळा कराडची, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. म्हणजे लेक्चर, परीक्षा आणि तालीम असं तिन्ही सांभाळणारा हा मुलगा तुमच्यासारखाच कॉलेजकुमार होता. उंचीने लहान, पण चपळाई अशी की समोरचा सावरेपर्यंत डाव लागलेला असायचा.

कोल्हापूरच्या तालमीत कधी सकाळी डोकावून बघा. पैलवान आला की लगेच कुस्ती धरत नाही. आधी हौद्यातली माती खणायची, मग जोर, मग बैठका. अंगाला घाम फुटला, सांधे मोकळे झाले की मगच लढत. या सगळ्याला तालमीत कोणी वॉर्मअप म्हणत नाही. ती मेहनतच असते आणि ती टाळायची सोय नसते. खाशाबा वाढले ते याच शिस्तीत.

१९४८ मध्ये ते लंडन ऑलिम्पिकला गेले. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. तोवर सगळी कुस्ती मातीवरची, आणि तिथे समोर मॅट! नियम वेगळे, पायाखालची पकड वेगळी. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. नाराज होऊन बसण्याऐवजी त्यांनी पुढची चार वर्षं सराव वाढवला आणि वरच्या वजनगटात उतरायचं ठरवलं.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पुन्हा पैशांचा प्रश्न आला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण! जरा विचार करून बघा.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही लढत लांबली, अंगातली ताकद पिळून निघाली आणि खाशाबा थोडक्यात हरले. खरा घोळ झाला तो यानंतर. दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती हवी, असा नियम होता. पण त्यांना जवळजवळ लगेचच सोव्हिएत युनियनच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावलं गेलं. नियमावर बोट ठेवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तो अर्धा तास मिळाला असता तर रंग बदलला असता का, हा प्रश्न महाराष्ट्रात आजही विचारला जातो.

तुम्ही म्हणाल, ही तर विश्रांतीची गोष्ट झाली, वॉर्मअप कुठे आला यात? सांगते. शरीर म्हणजे काही दिव्याचं बटण नाही. त्याला वर चढायला वेळ लागतो आणि खाली उतरायलाही. लढतीनंतर धाप बसायला, थकलेल्या स्नायूंना सावरायला वेळ हवा, म्हणून तो तीस मिनिटांचा नियम. व्यायामाआधीही तसंच असतं. हलकं पळलं की हृदयाचे ठोके हळूहळू वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त जातं, ते गरम होऊन लवचिक होतात. सांध्यांमधलं वंगण नीट पसरतं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत लवकर पोहोचतो. थंड अंगाने एकदम स्प्रिंट मारली की मांडीमागचा स्नायू कळवळतो तो याचमुळे.

खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या स्वागताला कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीने कर्ज फिटत नाही. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खाशाबांचा अर्धा तास दुसऱ्यांनी हिरावून घेतला. आपण आपली दहा मिनिटं स्वतःच फेकून देतो, एवढाच काय तो फरक!

मग ही दहा मिनिटं कशी वापराल?

- पहिली तीन-चार मिनिटं हलकं जॉगिंग किंवा भरभर चालणं. अंग कोमट झालं पाहिजे, धाप लागायला नको.
- पुढची तीन-चार मिनिटं खांदे, कंबर, गुडघे, घोटे फिरवा. पाय पुढे-मागे झुलवा, लंजेस आणि बैठका मारा.
- शेवटी जे करणार आहात तेच हळू करा. फुटबॉल असेल तर छोटे पास, वजन उचलणार असाल तर पहिला सेट रिकाम्या रॉडने.
- एकाच पोझमध्ये खूप वेळ ताणून धरायचं स्ट्रेचिंग खेळानंतर ठेवा. आधी केलं तर स्नायूंची ताकद काही वेळ कमी होऊ शकते.
- दोन मॅचच्या मध्ये मोठा ब्रेक झाला, तर अंग पुन्हा थंड होतं. थोडा वॉर्मअप परत करा.

आज संध्याकाळी ग्रुपवर स्लॉटची वेळ टाकाल, तेव्हा ती दहा मिनिटं आधीची टाका.