पांझरेच्या काठावरून सुरू झालेली वाट

बारावीचा निकाल लागला, की सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्यातही स्थापत्य शाखेत आयुष्यभर निभाव लागेल काय, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो. ज्या अविभाजित खानदेश जिल्ह्यात तळोदा तेव्हा मोडत असे, त्याच जिल्ह्यात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकीर्दीची पहिली वर्षे गेली.

मुद्देनहळ्ळी या म्हैसूर संस्थानातील खेड्यात त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून ते १८८१ मध्ये पदवीधर झाले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले. १८८३ ची अभियांत्रिकी परीक्षा अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण होताच, १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची साहाय्यक अभियंता म्हणून नेमणूक झाली.

धुळे परिसरात पांझरेच्या प्रवाहाखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पूर आणि वाळू यांमुळे काम अडू लागले, तेव्हा ते पुढे ढकलावे असे त्यांना वाटले. वरिष्ठांना ते पटले नाही. अखेर त्यांनी ते पावसाळ्यातच तडीस नेले. या पेशात नदी आणि वरिष्ठ या दोघांशीही जुळवून घ्यावे लागते, हा धडा त्यांना आरंभीच मिळाला.

पुढे सक्करची पाणीपुरवठा योजना, नीरा कालव्यावरील गटवार पाणीवाटप आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही कामे झाली. या दरवाजांमुळे भिंत न वाढवता जलाशयाची पातळी सुमारे ८ फुटांनी उंचावता आली. तरीही मुख्य अभियंतापद एतद्देशीयास मिळण्याची चिन्हे दिसेनात. १९०८ मध्ये, सुमारे २४ वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली.

नोकरी संपली, विद्या मात्र संपली नाही. त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि पूरनियंत्रणाच्या योजनेसाठी त्यांना पाचारण करण्यात आले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. १९५५ मध्ये ते भारतरत्न ठरले. १९६२ मध्ये शंभरी ओलांडून त्यांनी देह ठेवला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

या शाखेत पहिली वर्षे उन्हापावसात जातात, बढतीही संथ असते. परंतु पाणी, रस्ते आणि पूल यांची गरज सरत नाही. म्हणून अनुभव जसा मुरतो, तसे त्याचे मोल वाढते. शाखा निवडताना पहिल्या पगाराबरोबर पुढील तीस वर्षांचाही हिशेब मांडावा, हेच या चरित्राचे सार होय.