डॉ. आनंदीबाई जोशी

मला नसरापूरहून एस.टी.ने पुण्याला मामाकडे जायचे म्हटले तरी आई बरोबर लागते. आनंदीबाई तर अठरा वर्षांच्या असताना बोटीने अमेरिकेला गेल्या! घरचे कोणीसुद्धा बरोबर नव्हते.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झाले. पुढे मुलगा झाला, तो दहा दिवसांतच वारला. मग त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले.

१८८३ साली फिलाडेल्फियाला बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातले. तिथे थंडी फार आणि मराठी बोलायला कोणी नाही. पण कार्पेंटरबाई होत्या. त्यांनी आनंदीबाईंविषयी मासिकात वाचून आपणहून पत्र पाठवले होते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबूली याही होत्या. तिघींचा १८८५ सालचा फोटो बाईंनी आम्हाला दाखवला. प्रत्येकीचा पोशाख आपापल्या देशाचा. मला तो फोटो फार आवडला.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला मावशींकडे पाठवली. मावशींनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, घरच्या माणसांजवळ ठेवली.