शाळा आली अंगणात



'अंगणवाडी' हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात एखादी अंगणवाडी असेल. तुमचा लहान भाऊ किंवा बहीण तेथे जात असेल. तेथे मुले गाणी म्हणतात, गोष्टी ऐकतात, मणी मोजतात, चित्रे रंगवतात आणि खाऊ खातात. पण या शाळेला 'अंगण' हे नाव कोठून मिळाले, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? हे समजण्यासाठी तुम्हांला एका थोर बाईंची ओळख करून घ्यावी लागेल. त्यांचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे आईवडील सुधारणावादी होते. मुलींनी शिकावे असे त्यांना वाटे. त्या काळी शाळेत जाणाऱ्या मुली थोड्या होत्या. कॉलेजात जाणाऱ्या तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. अशा काळात ताराबाईंनी अभ्यास सोडला नाही. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाल्या.

पुढे त्यांचे लग्न झाले आणि त्या अमरावतीस राहू लागल्या. पण त्यांच्या संसारात अडचणी आल्या. 1921 साली त्या आपल्या लहानग्या मुलीला घेऊन एकट्याच गुजरातमधील राजकोटला गेल्या. तेथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. मोठ्या मानाची नोकरी होती. तरीही ताराबाईंचे मन तेथे फार काळ रमले नाही. त्यांचे लक्ष वळले ते अगदी लहान मुलांकडे.

राजकोटप्रमाणेच सौराष्ट्रात भावनगर नावाचे शहर आहे. तेथे गिजुभाई बधेका यांनी 1920 साली एक बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते मुलांत रमले. त्यांना मोठ्या मिशा होत्या आणि मुलांवर त्यांची माया आईसारखी होती. म्हणून लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणत. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, ओरडणे नव्हते, घोकंपट्टी नव्हती. मुले हाताने वस्तू हाताळत आणि त्यांतून शिकत. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसोरी यांनी 1907 साली रोम शहरात लहान मुलांसाठी शाळा काढली होती. त्यांच्या शिक्षणपद्धतीचा गिजुभाईंनी अभ्यास केला होता.

1923 साली ताराबाई भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. त्यांची भाषा मराठी आणि तेथील मुलांची भाषा गुजराती. मग काय करायचे? ताराबाई गुजराती शिकल्या. त्या गुजराती बोलू लागल्या, इतकेच नव्हे तर गुजरातीत लिहूही लागल्या. मुलांनो, तुम्ही उर्दू माध्यमात शिकता आणि या पुस्तकातून मराठी शिकत आहात. दुसरी भाषा शिकताना सुरुवातीला जीभ अडखळते, शब्द आठवत नाहीत, हे तुम्हांला माहीत आहे. ताराबाईंनाही हा अनुभव घ्यावा लागला. भाषा कळली नाही तर मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल शिकत नाही. ही गोष्ट त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

1926 साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 'शिक्षणपत्रिका' नावाचे मासिक त्यांनी गुजरातीत काढले. पुढे ताराबाईंनी ते मराठीतही सुरू केले. नंतर त्या मुंबईला आल्या. 1936 साली दादर येथे 'शिशुविहार' ही बालशाळा सुरू झाली. तेथे बालशिक्षिकाही तयार होऊ लागल्या.

शिशुविहारात लाकडी ठोकळे होते, रंगीत पट्ट्या होत्या, मोजायला मणी होते. खरखरीत कागदाची अक्षरे होती. मुले त्यांवरून बोट फिरवीत आणि अक्षराचे वळण बोटाला कळे. सारे छान चालले होते. पण ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न सतावत होता. हे साहित्य महाग आहे. शहरातील सुखवस्तू घरांतील मुलांना ते मिळते. पण खेड्यातील गरिबांच्या मुलांचे काय? त्यांना बालशिक्षण मिळायचेच नाही का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी 1945 साली त्या बोर्डीला गेल्या. तेव्हा त्यांचे वय 53 वर्षांचे होते. या वयात शहरातील चालते काम सोडून खेड्यात नव्याने सुरुवात करणे सोपे नव्हते. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. येथे ताराबाईंनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा होत्या. त्यांनी कष्टाने शिक्षण घेतले होते. ताराबाई आणि अनुताई यांची जोडी पुढे जन्मभर टिकली.

गावात बालवाडी तर निघाली. पण गावाबाहेरच्या दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले, त्यांना गावातल्या शाळेत पाऊल टाकताना संकोच वाटणारच. शिवाय आईबाप सकाळीच कामाला जात. मुलांना आंघोळ घालून, केस विंचरून शाळेत कोण पाठवणार? दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. तेथल्याच एखाद्या अंगणात मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आता तुम्हांला नावाचा उलगडा झाला ना?

राहिला महाग साहित्याचा प्रश्न. त्याचे उत्तर समुद्रकाठी आणि झाडाखाली पडलेले होते. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, गवताच्या काड्या आणि माती! या साहित्याला पैसे पडत नाहीत. ते हरवले तर दुसरे मिळते. आणि मुलाची त्याच्याशी आधीपासून ओळख असते.

अशा साहित्याची आणखी एक गंमत आहे. ऋतू बदलला की साहित्यही बदलते. म्हणून वर्षभर वर्ग ताजा राहतो. ते कसे, हे आपण पाहू.

पावसाळा घ्या. सगळीकडे हिरवी पाने असतात. निरनिराळी पाने गोळा करा आणि त्यांचे गट पाडा. लांब पाने एकीकडे, गोल पाने दुसरीकडे. सर्वांत लहान पानापासून सर्वांत मोठ्या पानापर्यंत ओळ लावा. अजून एकही अंक लिहिलेला नाही, पण गणित सुरू झालेले आहे. लहान-मोठे, कमी-जास्त, सारखे-वेगळे हे कळणे म्हणजे गणिताचा पाया. 'पळसाला पाने तीन' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पळसाच्या एका देठाला तीन पाने असतात. दोन देठांना सहा, तीन देठांना नऊ. पाहा, तीनचा पाढा झाडावरच लिहिलेला आहे!

दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते. गवतही वाळलेले असते. काड्यांना तोटा नाही. दहा काड्या मोजा आणि त्यांची एक जुडी बांधा. दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या म्हणजे तेवीस. एकक आणि दशक ही अवघड नावे सांगायच्या आधीच दशक हातात येतो. जुडी सोडली की दहा सुट्या काड्या होतात. पुढे हातच्याची वजाबाकी करताना मुलाला ही जुडी आठवते.

मग येतो उन्हाळा. चिंचा पिकतात. चिंचा खाल्ल्या की चिंचोके उरतात. ते मोजायला, वाटायला आणि खेळायला उत्तम. बारा चिंचोके चार मुलांत सारखे वाटले तर प्रत्येकाला तीन मिळतात. हाच भागाकार. आणि एक चिंचोका उरला तर तीच बाकी!

लिहिण्यावाचण्याचेही असेच आहे. आधी बोलणे, मग वाचणे, मग लिहिणे. पावसाळ्यात मुलांच्या तोंडी कोणते शब्द असतात? पाऊस, पाणी, पान, पागोळी. मोठ्याने म्हणून पाहा. सगळ्यांच्या सुरुवातीला 'पा' ऐकू येतो. मुलाच्या कानाने तो आवाज ओळखला की मग त्याला 'पा' हे अक्षर दाखवायचे. ओल्या वाळूत बोटाने ते गिरवायचे. वाळूला पैसे लागत नाहीत आणि चुकले तर तळहाताने पुसून टाकता येते. तुम्हांला उर्दूतील 'पे' माहीत आहे. मराठीतील 'प' चा आवाजही तोच. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. आकार वेगळा, दिशा वेगळी, पण कानाला ओळख जुनी. म्हणून आवाजापासून सुरुवात केली की नवे अक्षर परके वाटत नाही.

बोर्डीहून थोड्या अंतरावर कोसबाडची टेकडी आहे. भोवती वारली आदिवासींचे पाडे आहेत. 1957 साली ताराबाईंनी आपले केंद्र तेथे हलवले. तेव्हा त्यांचे वय 65 होते. येथील अडचणी आणखी मोठ्या होत्या. मुले घरी वारली बोली बोलत. पुस्तकातील मराठी त्यांना परकी वाटे. शिवाय घरात दारिद्र्य होते. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरे राखायला जाई. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी. त्यांनी शाळेत यायचे कसे? आणि ती शाळेत गेली, तर घरचे काम कोणी करायचे?

ताराबाईंनी या मुलांना दोष दिला नाही आणि त्यांच्या आईबापांनाही दिला नाही. त्यांनी शाळाच बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. या योजनेला 'विकासवाडी' म्हणतात. आता ताई आपल्या धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकत होती. गुराखी मुलांसाठी तर शाळा कुरणातच गेली. गुरे चरत आणि झाडाखाली मुले शिकत. तिचे नाव 'कुरणशाळा'. गुराख्याला मोजता यावेच लागते. सकाळी किती गुरे नेली, संध्याकाळी किती परत आणली, कोणते मागे राहिले? एक गाय कमी भरली तर घरी काय उत्तर द्यायचे? त्याच्यासाठी गणित म्हणजे रोजच्या जगण्याचा हिशेब होता.

1962 साली भारत सरकारने ताराबाईंना 'पद्मभूषण' हा किताब दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी त्यांचे काम पुढे चालवले. त्या 1992 साली वारल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी आणि शिक्षणासाठी एक मोठी योजना देशात सुरू केली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका अंगणातला शब्द असा काश्मीरपासून केरळपर्यंत पोहोचला.

मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यातही एखादे मूल शाळेत येत नसेल. ते आळशी आहे, असे चटकन म्हणू नका. ते दिवसभर काय करते, घरी कोणती भाषा बोलते, त्याच्या कडेवर कोण आहे, हे आधी विचारा. ताराबाईंनी नेमके हेच केले.

करून पाहा :

सध्या कोणता ऋतू आहे? या ऋतूत सहज मिळणाऱ्या पाच वस्तूंची नावे मराठीत आणि उर्दूत सांगा. त्यांपैकी एक वस्तू गोळा करा आणि ती वापरून आपल्या धाकट्या भावंडाला दहापर्यंत मोजायला शिकवा. त्याला एखादा अंक चुकला तर रागावू नका. वस्तू पुन्हा त्याच्या हातात द्या आणि पहिल्यापासून मोजू द्या.