ध्रुवाचा समुद्र मोजणारे नान्सेन

माझ्या वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो, नॉर्वे देशाचे थोर संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांची माहिती मी इथे लिहीत आहे. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. पण त्यांच्या कामाचा संबंध आपण श्वास घेतो त्या हवेशी आहे.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. बर्फावरून घसरत जाण्याच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, वापरण्यात ते लहानपणापासून पटाईत होते. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकले. १८८८ साली पाच सोबत्यांना घेऊन त्यांनी ग्रीनलंडचे बर्फाचे पठार स्कीवरून पार केले.

त्याआधी एक नवलाची गोष्ट घडली होती. १८८१ साली जीनेट नावाचे अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्या जहाजावरचे सामान सापडले कुठे? तर पार ग्रीनलंडच्या किनाऱ्याला! नान्सेन यांनी ओळखले की ध्रुवाचा समुद्र वरून गोठलेला दिसला तरी तो थांबलेला नाही. तो वाहतो आहे, आणि बर्फही त्याच्याबरोबर सरकते आहे.

मग त्यांनी ठरवले, की आपण मुद्दाम जहाज बर्फात अडकवायचे आणि समुद्र नेईल तिकडे जायचे. पुष्कळ जाणत्या लोकांनी याला वेडेपणा म्हटले. पण नान्सेन हटले नाहीत. कॉलिन आर्चर नावाच्या कारागिराने त्यांना फ्राम नावाचे जहाज बांधून दिले. फ्राम म्हणजे पुढे. त्याचा तळ गोलसर होता. ओली साबणाची वडी मुठीत दाबली की कशी वर निसटते, तसे ते जहाज बर्फाने दाबले की वर उचलले जायचे.

जून १८९३ मध्ये तेरा माणसे निघाली आणि सप्टेंबरात फ्राम बर्फात अडकले. पुढे जवळजवळ तीन वर्षे ते बर्फाबरोबर वाहत राहिले. त्या काळात ही माणसे गप्प बसली नाहीत. बर्फाला भोक पाडून त्यांनी समुद्राची खोली मोजायला घेतली. समुद्र उथळ असेल असे नान्सेन यांना वाटले होते, पण दोरी तळाला टेकेचना! शेवटी जहाजावरचा एक पोलादी दोर उसवून त्याच्या तारांची लांब दोरी केली. तेव्हा समजले की खोली ३००० मीटरपेक्षाही जास्त आहे. आणखी एक गोष्ट कळली. वर बर्फासारखे गार पाणी आणि त्याच्या खाली थोडे उबदार, जास्त खारट पाणी! ते अटलांटिक महासागरातून आत शिरलेले होते.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहान्सेन हे दोघेच कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पायी निघाले. ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत पोचले. तेवढ्या उत्तरेला तोवर कुणी गेले नव्हते. परतताना त्यांनी एक हिवाळा दगड आणि वॉलरसच्या कातड्याच्या झोपडीत काढला. अस्वलाचे आणि वॉलरसचे मांस खाऊन ते जगले. १८९६ साली ते दोघे घरी आले आणि फ्रामसुद्धा सुखरूप परतले. तेराच्या तेरा माणसे जिवंत आली बघा.

पुढे नान्सेन यांनी खोल पाणी वर आणणारी एक बाटली तयार केली. दोरीवरून वजन सोडले की बाटली उलटी होऊन मिटते आणि त्या खोलीचे पाणी आतच राहते. ही नान्सेन बाटली जगभर वापरली गेली. ग्रीनलंडजवळच्या समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन जड होते आणि खाली बुडते, हे त्यांनी मांडले.

आता याचा आपल्याला काय उपयोग? जत्रेतला सोडा आठवा. गार असला की वायू आत टिकतो, तापला की उडून जातो. तसेच गार समुद्रही हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळवून घेतो. ते पाणी बुडाले की कार्बनही खाली जातो आणि शेकडो वर्षे तिथेच राहतो. माणसे धुरातून जो कार्बन सोडतात, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र घेतो. त्यात दक्षिण ध्रुवाभोवतालच्या समुद्राचा वाटा फार मोठा आहे.

समुद्राच्या खोल पाण्यात खतही असते. मेलेले जीव खाली जाऊन कुजतात आणि त्यांचे नत्र व स्फुरद तिथे साठते. आपण तळ्यातला गाळ काढून शेतात टाकतो ना, तसे दक्षिण ध्रुवाजवळ हे खोल पाणी पुन्हा वर येते. त्यावर बारीक वनस्पती वाढतात, त्या बारीक प्राणी खातात आणि त्यांच्यावर मासे व देवमासे जगतात. उरलेले खत प्रवाहाबरोबर दूरच्या समुद्रांत जाते.

नान्सेन यांनी माणसांसाठीही मोठे काम केले. महायुद्धानंतर बेघर झालेल्यांना त्यांनी नान्सेन पासपोर्ट मिळवून दिला. रशियातल्या दुष्काळात लाखो भुकेल्यांसाठी धान्य जमवले. १९२२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी ते वारले.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. २०१९ साली जर्मनीचे पोलारस्टर्न जहाज फ्रामसारखेच बर्फात अडकवून वर्षभर वाहू दिले होते. आपल्या गोव्यात वास्को इथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या उत्तरेकडील एका खाडीत पाणी मोजणारी यंत्रे सोडली.

आता पृथ्वी तापते आहे आणि ध्रुवाचे बर्फ वितळते आहे. वितळलेले गोडे पाणी हलके असते, ते वरच तरंगते. मग खारे पाणी बुडायचे कसे आणि कार्बन खाली न्यायचा कुणी? मला वाटते, म्हणूनच हा समुद्र मोजत राहायला हवा. दोरी पुरली नाही तर नान्सेन यांच्यासारखी नवी वळावी, पण तळ लागेपर्यंत थांबू नये.